वारस नोंदीची सही आहे, येऊन जा

बोईसरहून मासवण तासाभराचाही रस्ता नाही. तरी 2019 नंतर मी माहेरी गेले नव्हते. भाऊबीज नाही, गणपती नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात जाऊन आले, पण घराचा उंबरा ओलांडला नाही. पैशासाठी आईला टाकली, असं लोक म्हणाले. खरं काय झालं ते आज सांगते. आमच्या या पट्ट्यात रस्त्याला, रेल्वेला जमिनी जातायत आणि त्यापायी कितीतरी मायलेकी एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आठ दिवसांत आईचा फोन आला. "वारस नोंदीची सही आहे, येऊन जा." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. निबंधक कार्यालयात गर्दी होती. भावाने पानं पुढे केली, त्याने बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. संगणकासमोर बसवून फोटो काढला, अंगठा घेतला. आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. निघताना तिने त्या पिशवीतून जरीकाठाची साडी काढून मला दिली. बाबांच्या नावाने देतेय असं मला वाटलं.

पुढे मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गात आमची दोन खाचरं गेली. मोबदल्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, तू हक्क सोडलायस. रजिस्टर आहे." आवाजात जराही संकोच नाही. मी आईकडे पाहिलं. ती चुलीत लाकूड सारत होती. मान वर न करता म्हणाली, "घरातलं घरात राहू दे, बाय."

म्हणजे तिला माहीत होतं. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, नाही कशाला म्हणू? पण मागितलं असतं तर मी हसत सोडलं असतं. मला फोन करून खोटं कारण सांगितलं ते आईने, भावाने नाही. पाच-सहा वर्षं मी फोनवरच्या त्या एका वाक्याशी भांडत होते.

वकिलाकडे जाऊन आले. सही माझी, फोटो माझा, अंगठा माझा. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. मी लावला नाही. आईला साक्षीला उभं करायची माझ्यात हिंमत नव्हती. याला कुणी कमीपणा म्हणालं तरी चालेल.

गेल्या मे महिन्यात माझ्याच घरी वेगळं घडलं. माझी लेक तारापूर एमआयडीसीत नोकरी करते. सोसायटीचे कागद शोधताना तिला आमच्या फ्लॅटचा नॉमिनेशनचा अर्ज सापडला. त्यात नाव फक्त तिच्या भावाचं. मी मुद्दाम केलं नव्हतं. अर्ज भरला तेव्हा ती शाळेत होती, सेक्रेटरी म्हणाले मुलाचं टाका, मी टाकलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क तसाच राहतो, हेही मी तिला समजावलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "आजीने केलं ते चूक, आणि तू केलंस ते?" आणि शिफ्टला निघून गेली. चार दिवस घरात जेवली नाही.

त्याच आठवड्यात मी दस्ताची नक्कल काढली. इतकी वर्षं ती काढलीच नव्हती, याचा मला आजही राग येतो. घरी येऊन पहिल्यांदा नीट वाचली. हक्क सोडून देणार, क्रमांक 1: आईचं नाव. क्रमांक 2: माझं. खाली तिची सही, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं काढलेली. तिने स्वतःचाही हिस्सा सोडला होता. नवऱ्याच्या जमिनीत बायकोला मुलांइतकाच हिस्सा मिळतो, तो तिने त्याच दिवशी, त्याच टेबलावर दिला होता. मग बाकावर जाऊन बसली होती.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि मी मासवणला गेले. आई ओटीवर शेवळं साफ करत बसली होती. पिवळा, खाजरा भाग कापून टाकायचा आणि बाकीचं चिरायचं, शिजवताना काकडं घालायची, नाहीतर घसा धरतो. मी दुसरी विळी घेतली आणि समोर बसले. भाजी निम्मी झाल्यावर विचारलं, "तू तुझाही हिस्सा का सोडलास?" ती बराच वेळ चिरत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईने मला विचारलं नव्हतं. सही कर म्हणाली, मी केली. दर दिवाळीला साडी यायची. असंच असतं असं वाटलं." आणि थोड्या वेळाने, "तुला खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस, ही भीती होती."

मी रडले नाही. मला रागच आला. पण बोलणं सुरू झालं.

आता ज्या बायका अशा पेचात आहेत त्यांना सांगते. वारस नोंद तलाठ्याकडे होते, मृत्यूच्या दाखल्यावर आणि प्रतिज्ञापत्रावर. त्यासाठी निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. तिथे बोलावून फोटो आणि अंगठा घेतायत म्हणजे तो दस्त आहे. थांबा, घरी न्या, वाचा. गर्दी आहे, साहेब निघतील, असं कुणीही म्हणो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने तो आला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. सोडायचा तर सोडा, पण काय सोडताय ते माहीत असून सोडा. आणि आईला तिचा हिस्सा सोडू देऊ नका. उद्या तिच्या औषधाला कुणापुढे हात पसरावा लागू नये.

आईशी हे फोनवर बोलू नका. भाऊ, वहिनी समोर असताना तर नाहीच, ती त्यांचीच बाजू घेणार, तिला त्याच घरात राहायचंय. हाताला काम असताना बोला. मुलीला निरोप्या करू नका. मी केली होती, "आजीला सांग" म्हणून, आणि ती दोघींवर चिडली ते बरोबरच होतं. संयम ठेवावा, मन मोठं करावं, हेही आहेच, पण मला स्वतःला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सरळ प्रश्नाचा. "का फसवलंस" विचारलं असतं तर ती गप्पच राहिली असती. तिच्या स्वतःच्या हिश्श्याचं विचारलं, म्हणून ती बोलली.

भावाशी माझं अजून बोलणं नाही. त्याने आईचा हिस्सा घेतला आणि गुडघ्याच्या खर्चाला हात आखडला, हे मी विसरणार नाही. आई महिन्यातून चार दिवस बोईसरला येऊन राहते. सोसायटीच्या अर्जात आता दोन्ही मुलांची नावं आहेत. दस्ताची नक्कल लेकीने वाचली, आजीला मोठ्याने वाचून दाखवली, आणि ती आमच्या कपाटात त्या जरीकाठाच्या साडीखाली ठेवली आहे. साडी मी अजून नेसलेली नाही.