हातात कला, सोबत कागद

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. आपण घासाघीस करून स्वेटर घेतो, पण ही माणसं कोण, हे कधी विचारलंय का?

१९५९ नंतर तिबेट सोडून भारतात आलेल्या निर्वासितांची ही लेकरं-नातवंडं. आपल्या विदर्भातही त्यांची वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोरग्येलिंग नावाची. ती १९७२ पासून आहे.

स्वेटरचा बराचसा माल लुधियानाहून उधारीवर येतो आणि हंगाम संपला की पैसे चुकते होतात. तारण काही नसतं, शब्दावर व्यवहार चालतो. आपल्या गटाचंही तसंच आहे, नाही का?

पण हा धंदा तीन-चार महिन्यांचा. शिकलेल्या मुलामुलींनी बाकी वर्षभर काय करायचं? प्रशिक्षण घेता येतं, पण नोकरीच्या दारात कागद आडवा येतो. अनेकांकडे नागरिकत्व नाही, फक्त परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला आहे. त्यावर सरकारी नोकरी मिळत नाही.

केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने वाट थोडी मोकळी केली. नर्सिंग, शिक्षिका, इंजिनिअर अशी ज्याची पात्रता असेल ते काम त्याला करू द्यावं, धंद्याचा परवाना द्यावा, असं त्यात आहे. ज्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून आपली ‘उमेद’ चालते, त्याचा लाभही द्यावा, असं म्हटलंय. मात्र अंमल राज्यांनी करायचा. त्यामुळे नियम माहीत असलेलाच तो मागू शकतो.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलीला किंवा सुनेला प्रशिक्षणाला पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा :

१. प्रमाणपत्र कोण देणार? ते नोकरीला चालतं का?
२. कोणते कागद लागतील? आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुकावर नाव एकच आहे का? लग्नानंतर नाव बदललेल्या सुनांचं काम इथेच अडतं.
३. हे काम वर्षातले किती महिने मिळेल? बाकीच्या महिन्यांचं काय?

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या एका तरुण मुलीचे कागद तपासून यायचं. नावात फरक असेल तर सचिवताईंनी वहीत नोंद करावी. आणि गावाजवळ असं निर्वासित कुटुंब राहत असेल, तर त्यांच्या ताईलाही बैठकीला बोलवा. कला तिच्याकडे आहे, नियमाची माहिती आपण देऊ.