चहाच्या बहिणीला पुणं का मानवेना?

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो. ज्या घरी उतरलो, त्याच्या पायऱ्यांशी एक झुडूप होतं. पानं चहासारखी, पण जाड आणि तेल चोळल्यासारखी चकचकीत. फुलं गुलाबासारखी भरगच्च आणि काटा एकही नाही. घरच्या बाई म्हणाल्या, ‘ही कॅमेलिया, चहाची बहीण.’ परतताना रोपवाटिकेतून बारा कळ्या लागलेलं रोप घेतलं आणि मांडीवर सांभाळत पुण्याला आणलं. मोठी कुंडी, बागेतली काळी माती, शेणखत, अंड्यांची टरफलं, गच्चीवरचं भरपूर ऊन, रोज बोअरचं पाणी. काही कमी केलं नाही. पंधरा दिवसांत बाराही कळ्या गळल्या. आता पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. माझं काय चुकलं? ती खरंच चहाची बहीण आहे, की पर्यटकांना सांगायची गोष्ट? आणि ती जगणार नसेल, तर तिच्या जवळचं दुसरं काय लावू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमची चूक पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. इंग्लंडमध्ये कॅमेलिया आली ती १७३९ च्या सुमारास, एसेक्स परगण्यातल्या थॉर्नडन हॉल या लॉर्ड पीटर यांच्या वाड्यावर. झाड पूर्वेकडून आलंय, म्हणजे त्याला ऊब हवीच, असं धरून ते तापवलेल्या काचघरात ठेवलं आणि त्या उबेनेच ते मेलं, असं सांगतात. लॉर्डसाहेबांच्या बागेत जेम्स गॉर्डन नावाचा माळी होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही कमी केलं नाही, असं तुम्ही लिहिता. अडचण नेमकी तिथेच आहे. कॅमेलियाला आपण जे भरभरून देतो, त्यातलं बरंचसं तिला नको असतं.

खरंच बहीण?

हो, आणि सख्खी. चहाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. लिनियसने १७५३ साली चहा आणि कॅमेलिया यांना दोन वेगवेगळ्या प्रजातींत टाकलं होतं. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यांच्यात वेगळं काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून दोन्ही घरं एक झाली आणि दारावरची पाटी राहिली कॅमेलियाची. ते नाव आहे गेओर्ग कामेल या जेझुइट धर्मबंधूचं. हा मोराव्हियातल्या ब्रनोचा, औषधं बनवणारा. मनिलात राहून त्याने फिलिपिन्समधल्या वनस्पतींवर काम केलं आणि १७०६ मध्ये तिथेच वारला. स्वतःच्या नावाचं हे फूल त्याने बहुधा कधी पाहिलंही नसावं.

आता कोणीतरी विचारणारच, की मग या पानांचा चहा होईल का? होणार नाही. बागेतल्या कॅमेलियात चहाची तरतरी देणारं कॅफीन जवळजवळ नसतं. तिचा उपयोग वेगळा. जपानात तिला त्सुबाकी म्हणतात, आणि त्सुबाकीच्या बियांचं तेल तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या केसांना लावत आल्या आहेत.

कळ्या का गळल्या?

कॅमेलियाचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. फुलं संपली की नवी पालवी, त्या पालवीच्या टोकाशी उन्हाळ्यात पुढच्या वर्षाच्या कळ्या, मग त्या कळ्या महिनोन्‌महिने टपोऱ्या होत राहणार आणि थंडी पडली की सावकाश उमलणार. या साऱ्या काळात मुळांशी एकसारखा ओलावा आणि हवेत दमटपणा लागतो. तुमचं रोप कळ्यांनी लगडलेलं असताना डोंगरावरच्या गारव्यातून मार्चच्या कोरड्या पुण्यात उतरलं. त्यातच कुंडी बदलली. या झाडाची मुळं बारीक, केसाळ आणि वरच्या थरातच पसरलेली असतात. ती दुखावली की झाड आधी कळ्यांचा भार टाकून देतं. स्वतःचा जीव वाचवायची ती त्याची रीत.

पिवळ्या पानांचं कारण मातीत आहे. कॅमेलियाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. सामू साधारण साडेपाच ते साडेसहा असला की ती खूश. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक साडेसातच्या पुढे, कारण तिच्यात चुनखडी असते. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. पंगतीत बसवलं, पण हात बांधून ठेवले, असा प्रकार. हिरव्या शिरा आणि मधलं पान पिवळं ही लोहाच्या उपासमारीची खूण आहे. तुमच्या टरफलांनी त्यात आणखी चुना घातला आणि बोअरच्या जड पाण्याने रोज थोडी भर टाकली.

आता वाचवता येईल का?

प्रयत्न करण्याजोगा आहे. मुळांचा मूळचा गोळा न फोडता भोवतालची काळी माती हलक्या हाताने काढा. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चांगला कुजलेला पालापाचोळा दोन भाग आणि कोकणातली किंवा महाबळेश्वराकडची तांबडी माती एक भाग, असं मिश्रण घ्या. शेणखत जुनं आणि मूठभरच. गोळ्याचा माथा मातीच्या पातळीला राहू द्या. खोल पुरलेली कॅमेलिया रुसते. वर वाळक्या पानांचा थर द्या. राख, चुना, टरफलं बंद. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच, नाहीतर नळाचं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पुडीवरच्या प्रमाणात द्या. साधं हिराकस चुन्याच्या मातीत अडकून पडतं.

कुंडी गच्चीवरून उतरवा. पूर्वेकडची बाल्कनी, सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि पुढे सावली. उन्हाळ्यात कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा. एवढं केलंत तर झाड जगेल, असं म्हणायला हरकत नाही. फुलेलच, असं मात्र म्हणणार नाही.

थंडी तिला किती हवी, याचा एक दाखला देतो. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झच्या राजवाड्याच्या बागेत १८०१ साली लावलेली एक कॅमेलिया आजही आहे. १९०५ च्या जानेवारीत तिच्या लाकडी निवाऱ्याला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कडाक्याच्या थंडीत झाडावरच गोठलं. झाड त्यातूनही फुटलं. आज तिच्यासाठी रुळांवर सरकणारं काचेचं घर आहे. हिवाळ्यात ते तिच्यावर आणतात आणि उन्हाळ्यात बाजूला नेतात. आत ऊब ठेवतात ती चार ते सहा अंशांची. आपल्याकडे तेवढ्या थंडीत लोक शेकोटी पेटवतात.

एवढ्या जातींतली कोणती आपल्या जवळची?

रानातल्या जाती शंभरावर आहेत आणि त्यांच्यापासून माणसाने केलेल्या जाती हजारोंनी. बागेत भेटतात त्या मुख्यतः चार घराण्यांच्या.

जपोनिका ही सर्वांत प्रसिद्ध. तुमचं रोप बहुधा तिचंच. पाच पाकळ्यांच्या साध्या फुलापासून कंपासने आखल्यासारख्या भरगच्च पाकळ्यांच्या फुलापर्यंत तिची रूपं. ‘आल्बा प्लेना’ ही तिची पांढरीशुभ्र जात १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘कर्नाटिक’ नावाच्या जहाजातून चीनहून इंग्लंडला पोचली. रेटिक्युलाटा चीनच्या युनानमधली, फुलं सर्वांत मोठी. विल्यम्सी हा कॉर्नवॉलमधल्या केरहेज इथे विसाव्या शतकात झालेला संकर. त्याचा गुण म्हणजे सुकलेली फुलं तो स्वतःच टाकून देतो; जपोनिकाच्या बऱ्याच जातींची फुलं तपकिरी होऊन फांदीवर लोंबत राहतात.

चौथी ससांक्वा, आणि तुमच्या कामाची हीच. फुलं लहान, एकेरी किंवा अर्धदुहेरी, पण ती शरदातच फुलू लागते आणि ऊन इतरांपेक्षा बरं सोसते. बाकीच्यांना वास नसतो म्हटलं तरी चालेल, हिला मात्र मंद वास असतो. पुण्याच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार रात्री कोणाला थोड्याफार पुरल्या, तर हिलाच पुरतील. पुन्हा रोप आणायचंच झालं, तर ससांक्वा मागा, कळ्या नसलेलं मागा आणि पावसाळ्यात आणा.

जपोनिका आणि ससांक्वा या दोघींत आणखी एक फरक आहे. ससांक्वाची पाकळी पाकळी सुटून पडते, जपोनिकाचं फूल पडलं तर अख्खं देठातून निखळतं. मुंडकं उडाल्यासारखं दिसतं म्हणून सामुराईंना ते अशुभ वाटे, अशी आख्यायिका आहे. पण कुमामोतोच्या सामुराईंनीच ‘हिगो’ नावाचं जपोनिकाचं एक देखणं घराणं जोपासलं. शंभराहून अधिक पुंकेसरांचा झुबका हा त्याचा रुबाब. आख्यायिका आणि अंगण यांचं दर वेळी जमतंच असं नाही.

जवळचं दुसरं काय?

आता जेम्स गॉर्डनकडे येऊ. लॉर्ड पीटर यांच्यानंतर त्याने लंडनच्या माइल एंड भागात स्वतःची रोपवाटिका काढली आणि अवघड रोपं वाढवण्यात नाव कमावलं. चहाच्या कुळातल्या एका प्रजातीला त्याच्या नावावरून गॉर्डोनिया म्हणू लागले. त्या नावाचं एक झाड आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात, निलगिरी आणि केरळच्या डोंगरांत वाढतं : गॉर्डोनिया ऑब्ट्यूसा. नव्या वर्गीकरणात त्याला पॉलिस्पोरा म्हणतात. पांढरं फूल, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, म्हणजे मोठ्या आकाराचं चहाचं फूलच. उटी-मुन्नारला गेलात तर शोला जंगलाच्या कडेने चालताना गळलेल्या फुलांसाठी जमिनीकडे लक्ष ठेवा. हे झाड रानात बघायचं. कुंडीत आणण्याचा हट्ट नको.

गॉर्डनचा दुसरा धागा थेट आपल्या परसात येतो. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या अनंताची कलमं करून त्याची रोपं पहिल्यांदा वाढवली ती यानेच. दुहेरी अनंत पाहिलात तर तो ‘आल्बा प्लेना’चा जुळा भाऊ वाटतो. कूळ मात्र वेगळं, कॉफीचं! म्हणजे एकीकडे चहाची बहीण, दुसरीकडे कॉफीचा भाऊ. अनंतालाही आंबट माती आवडते, काळ्या मातीत तोही पिवळा पडतो. पण उन्हाळा सोसतो आणि वर सुगंध देतो. तुमचं तांबड्या मातीचं मिश्रण त्याला जसंच्या तसं चालेल. तेवढीही उठाठेव नको असेल तर दुहेरी तगर लावा. ती कशालाच नाही म्हणत नाही.

लांबचं गोत बघायचं तर दारातच आहे. आजचं वनस्पतिशास्त्र ज्या मोठ्या गणात चहाचं कूळ ठेवतं, त्यातच बकूळ, मोह, चिकू, टेंभुर्णी, हिमालयातला बुरांश आणि श्रावणातला तेरडासुद्धा येतो. बकुळीखाली फुलं वेचलेल्या माणसाला कॅमेलियाच्या गोतात परकं वाटायचं कारण नाही.

पण तुम्हाला कॅमेलियाच हवी असेल, अगदी नावासकट, तर माझं उत्तर सरळ आहे : चहा लावा. आसामी जातीचा. ती मैदानातली, आसामच्या उन्हाळ्यात वाढणारी. जपोनिकापेक्षा उष्म्याला सरावलेली. माती तीच आंबट, दुपारी सावली, मार्च ते मे कुंडी कधी सुकू द्यायची नाही. रोप वयात आलं की दिवाळीच्या आगेमागे कळ्या दिसू लागतील. फूल रुपयाएवढं, पांढरं, पिवळ्या केसरांचं आणि खाली मान घालून पानाआड बसणारं. फांदी उचलून पाहावं लागतं. मळ्यात गेलेल्यांनाही ते सहसा दिसत नाही, कारण तिथे दोन पानं आणि एक कोंब सतत खुडला जातो, झुडूप कमरेएवढं छाटलेलं असतं आणि फुलायला त्याला सवड मिळत नाही.

तेव्हा कोवळी पालवी फुटली की ती खुडून आधणात टाकायचा मोह होईल, तो आवरा. चहा प्यायचा की फूल बघायचं, हे त्या एका कुंडीपुरतं तरी ठरवावं लागेल.