दोन तपासण्यांच्या मधले दिवस

गडचिरोली म्हटलं की जंगल, हिवताप, साप असंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात तिथल्या 86 गावांमधल्या मृत्यूंची नोंद घेतली आणि प्रत्येकाचं कारण शोधलं. यादीत सगळ्यात वर निघाला पक्षाघात, म्हणजे आपल्या बोलीतला लकवा. सातातला एक मृत्यू त्याच्यामुळे झाला होता. लकव्यामागचं मोठं कारण असतं वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, ताप आणत नाही, माणसाला अंथरुणाला खिळवत नाही. शेतावर जाणारा, बाजार करणारा माणूस वर्षानुवर्षं तो अंगात बाळगून फिरतो.

बारावीच्या निकालानंतर नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या पालकांनी सुरुवात इथून करावी. नर्सचं काम म्हणजे वॉर्डातली सलाइन, इंजेक्शनं आणि रात्रपाळी, हे घरोघरी पक्कं झालेलं चित्र खोटं नाही. पण देशातले आजार बदलले आहेत आणि त्यांच्याबरोबर हे कामही बदललं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार 1990 मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे 38 टक्के असंसर्गजन्य आजारांमुळे होत होते. 2016 पर्यंत हा आकडा 62 टक्क्यांच्या घरात गेला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, दमा, मूत्रपिंडाचे विकार हे सगळे त्यात आले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहींच्या प्रमाणात गोवा सर्व राज्यांच्या पुढे, 26.4 टक्क्यांवर आहे.

या आजारांची रीत वेगळी. न्यूमोनिया झाला की दाखल व्हायचं, बरं व्हायचं, घरी जायचं. मधुमेह घरी जात नाही, तो घरातच राहतो. डॉक्टर निदान करतात, गोळ्या लिहून देतात आणि महिन्यांनी पुन्हा बोलावतात. रुग्णाचं काय होणार हे ठरतं ते त्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत. गोळी रोज घेतली का? ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद केली का? जेवणात लोणचं, पापड, खारवलेली मासळी किती? मिश्री सुटली का? या काळात रुग्णाची खरी सोबत नर्सची असते. नर्सिंगच्या करिअरचा अंदाज घेताना हीच बाजू बहुतेक घरांत विचारात घेतली जात नाही.

रक्तदाब मोजण्यासारखी साधी गोष्ट घ्या. रुग्ण जिना चढून धापा टाकत येतो, लगेच पट्टा बांधला जातो, आकडा वाढलेला दिसतो आणि गोळी सुरू होते किंवा वाढते. नीट शिकलेली नर्स त्याला आधी पाच मिनिटं शांत बसवते. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा, मोजताना गप्पा नाहीत, लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन यायचं. मग थोड्या अंतराने दोनदा मोजायचं. यातल्या दोन-तीन गोष्टी चुकल्या तरी आकडा सहज वर जातो, आणि त्या आकड्यावर एखाद्याची आयुष्यभराची गोळी ठरत असते.

इन्सुलिनचंही तसंच. बाटली लिहून देणं डॉक्टरचं काम, पण ती घरात टिकवायची आणि टोचायची कशी, हे शिकवणारी नर्स असते. रोज पोटावर एकाच जागी टोचलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलत राहायची. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रीज नसलेल्या घरात मातीच्या ओल्या भांड्यात ती थंड ठेवता येते. घाम फुटला, हातपाय थरथरले, साखर 70 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे आजीला आणि सुनेला समजेल अशा बोलीत सांगणं ही स्वतंत्र विद्या आहे. नर्स मधुमेहीचे पायही तपासते. एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला ठिकठिकाणी टोचून स्पर्श कळतो का ते पाहते. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, त्या पायाची जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. पाच मिनिटांच्या या तपासणीने कुणाचा पाय वाचतो. एवढ्या थेट परिणामाची कामं फार थोड्या नोकऱ्यांत असतात.

या कामाचा परिणाम मोजलाही गेला आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित नर्सनी गावोगावी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी केली. पद्धत साधी होती: सौम्य ॲसिटिक आम्ल लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले, आणि हे निष्कर्ष 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ना महागडं यंत्र, ना गावात तज्ज्ञ डॉक्टर. ज्यांच्यासमोर बाई संकोच न करता बोलेल अशा, नीट शिकवलेल्या नर्स मात्र होत्या.

महाराष्ट्रातलं उदाहरण रक्तदाबाचं आहे. ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ 2017-18 मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. इथे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. कल्पना सरळ होती. औषधांची एकच ठरलेली पायरी, गोळ्यांचा अखंड पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि कामाची विभागणी. औषध सुरू करणार डॉक्टर. रक्तदाब मोजणं, नोंद ठेवणं, समजावून सांगणं आणि तारखेला न आलेल्याला फोन करून बोलावणं नर्सकडे. एरवी जो रुग्ण गोळ्या संपल्या की गायब व्हायचा, त्याच्या गैरहजेरीची कुणीतरी दखल घेऊ लागलं. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाचा गौरव केला.

आज सरकारी व्यवस्थेत या कामाच्या जागा ठिकठिकाणी आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची, तर स्त्रियांची स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी व्हावी, असं राष्ट्रीय कार्यक्रमाचं धोरण आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, आरोग्यसेविका तपासणी करते आणि उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा पाठपुरावा करतात. सीएचओ म्हणून ओळखलं जाणारं हे पद बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना खुलं आहे. 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात त्यासाठीचं प्रशिक्षण पदवीतच घातलेलं आहे. पण पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्रात या पदासाठी आयुर्वेदाचे पदवीधरही स्पर्धेत असतात, आणि नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी असते.

शहरांत वाटा वेगळ्या फुटतात. डायलिसिस विभाग, कार्डिॲक केअर, कर्करोग रुग्णालयं, मधुमेह केंद्रांतले समुपदेशक, घरपोच सेवा आणि पॅलिएटिव्ह केअर अशा कितीतरी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोग शुश्रूषेचं स्वतंत्र प्रशिक्षण मिळतं. आतड्याच्या कर्करोगानंतर पोटावर पिशवी लावावी लागलेल्या माणसाला पुन्हा ऑफिसात, लग्नसमारंभात, लोकलच्या गर्दीत जाण्याइतका धीर देणारी स्टोमा नर्स तर एक वेगळीच तज्ज्ञ.

आता शिक्षणाची माहिती. एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. एएनएम आणि जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, विज्ञानाला प्राधान्य असतं. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि खुल्या गटाला विज्ञान विषयांत किमान 45 टक्के. राज्यात या पदवीसाठी सीईटी घेतली जाते. तिचे नियम आणि वेळापत्रक सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहावं, एजंटाच्या तोंडून ऐकू नये. ज्यांची ऐपत आत्ता जीएनएमपुरतीच आहे, त्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, त्यानंतर एम.एस्सी. आणि पीएच.डी.सुद्धा. पदवीचं विद्यापीठ नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आणि व्यवसायासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी अनिवार्य.

पैशांबद्दल आडपडदा नको. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते. एम्ससाठीच्या ‘नॉरसेट’ परीक्षेतून निवड झाली तर मूळ वेतन 44,900 असतं, आणि एम्स नागपुरातही आहे. भत्ते वेगळे. खासगी क्षेत्रात मात्र तफावत मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. आजही अनेक लहान नर्सिंग होम त्याहून कमी पगारावर मुलींना राबवतात. ही गोष्ट संतापजनक आहे आणि ती लपवून कुणाला या क्षेत्रात ओढणं हा अन्याय ठरेल. पहिली एक-दोन वर्षं मोठ्या, शिकायला मिळेल अशा रुग्णालयात काढावीत, सरकारी परीक्षांची तयारी सुरू ठेवावी, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या किंवा जाचक बाँड मागणाऱ्या ठिकाणी सही करू नये.

परदेशाची वाट खरी आहे, पण तिला भाषेचा आणि परीक्षांचा उंबरठा आहे. ब्रिटन, आयर्लंडसाठी इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा, जर्मनीसाठी बहुतेक वेळा बी-2 पातळीचं जर्मन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सुमारे 58 लाख नर्स कमी आहेत. वृद्ध समाजांना सर्वाधिक गरज याच दीर्घकाळच्या आजारांची काळजी घेणाऱ्यांची आहे. इथे मधुमेह केंद्रात किंवा डायलिसिस विभागात घेतलेला अनुभव तिथे कामी येतो.

घरातले प्रश्न मात्र बहुधा वेगळेच असतात. रात्रपाळीचं काय? लग्न जमायला अडचण येईल का? वॉर्डात तीन पाळ्या असतात, त्या टळत नाहीत, आणि मुलीच्या येण्याजाण्याची सोय, वसतिगृह, सुरक्षा याची चौकशी पालकांनी जरूर करावी. पण उपकेंद्र, असंसर्गजन्य आजारांचं (एनसीडी) क्लिनिक, मधुमेह केंद्र, अध्यापन इथलं काम बहुतेक दिवसाचं असतं. आणि हे क्षेत्र फक्त मुलींचं नाही. गावातल्या पुरुषाशी दारू-तंबाखूबद्दल मोकळं बोलणं, दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या शेतकऱ्याला पारावर गाठून रक्तदाब मोजायला बसवणं एखाद्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, जास्त सोपं जातं.

कुणी यावं? ज्याला लगेच दिसणारा विजय हवा असतो, त्याला ऑपरेशन थिएटर किंवा इमर्जन्सी जास्त भावेल. दीर्घ आजारांच्या कामात एकच गोष्ट वीस वेळा, दर वेळी न चिडता सांगावी लागते. नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात. माणसाच्या ताटात काय आहे, त्याच्या खिशात किती आहे, घरात त्याचं कोण ऐकतं हे ओळखावं लागतं. नर्सच्या अधिकाराला मर्यादाही आहे: भारतात ती स्वतःहून औषध सुरू करत नाही, आणि रुग्णाला कधी वर पाठवायचं हे ओळखणं तिच्या कौशल्याचाच भाग असतो.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा जोडलेलं रुग्णालय पाहावं. त्यात खाटा किती, त्या भरलेल्या असतात का, विद्यार्थ्यांना सामुदायिक पोस्टिंगसाठी खरोखर गावात नेतात की रजिस्टर वर्गातच भरून घेतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये विचारलं की कळतं. भारतीय परिचर्या परिषद, राज्य परिषद आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी मान्यता चालू वर्षाची आहे का, ते फी भरण्याआधी तपासावं. आणि प्रवेशफेरी सुरू होण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन बीपी-शुगरच्या तपासणीच्या दिवशी सकाळभर बसावं. रांग कशी सरकते, सिस्टर कुणाशी काय बोलतात, कोण गोळ्या चुकवून आलंय आणि ते त्यांना कसं कळतं, हे पाहून घरी आल्यावर अर्ज भरायचा की नाही यावर आईवडिलांशी बोलावं.