दादाची रांग

१. अमेरिकेच्या कायद्यातलं कुटुंब आपल्या रेशन कार्डावरच्या कुटुंबासारखं नसतं. मी नागरिक झाल्यावर आई-बाबांसाठी पिटिशन भरता आलं. नागरिकाच्या आई-वडिलांना व्हिसाची रांग नाही. पण त्यांच्यासोबत दादाला येता येत नाही. दादा पन्नाशीचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, जोडीला बौद्धिक अपंगत्व. आंघोळीपासून घास भरवण्यापर्यंत सगळं आई करते. कायद्यात त्या अवलंबून असण्याला मोल नाही. एकविशी ओलांडली की मूल वेगळं, आणि अपंग प्रौढासाठी निराळा वर्ग नाही.

२. भावासाठी थेट अर्ज म्हणजे एफ-४. तो भरून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीय भावंडांचे २००६ चे अर्ज चालू होते. दुसरी वाट वडिलांकडून जाते: त्यांना ग्रीन कार्ड मिळालं की ते अविवाहित मुलासाठी एफ-२बी भरू शकतात. तिथे त्याच वर्षी २०१६ चे अर्ज चालू होते. दोन्ही रांगांत एकदम उभं राहता येतं.

३. "दोघांचं एकदम करून टाका," असं सगळे सांगतात. घरात दादा असेल तर करू नका. आईचं आणि वडिलांचं पिटिशन वेगवेगळं असतं, आणि मुलासाठी अर्ज करायला दोघांपैकी एकाचं ग्रीन कार्ड पुरतं. कार्ड घेतलं की मात्र इथे खरोखर राहावं लागतं. दोघंही न्यू जर्सीत आले, तर नाशिकला दादाजवळ कोण? म्हणून बाबा एकटे आले. आईला रांग नाही, तिचं केव्हाही करता येईल. हिशेब चोख आहे, पण तो सत्तरी उलटलेल्या नवरा-बायकोला ताटातूट करून चुकवावा लागतो. "मी इथे ओलीस आहे," असं बाबा हसत म्हणतात आणि रात्री नऊला फोन लावतात, तेव्हा तिकडे दादाचा चहा चाललेला असतो. बाहेर लांब राहायचं असेल तर री-एन्ट्री परमिट मिळतं, दोन वर्षांपर्यंतचं. अर्ज मात्र अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

४. कागद आत्ताच गोळा करा. दादाच्या जन्मदाखल्यावर नाव नाही, नुसतं 'पुरुष'. इतरांचं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागतं. दादा शाळेत गेलाच नाही. मग आत्याचं प्रतिज्ञापत्र केलं. जन्म आठवणारी माणसं हयात आहेत तोवर हे उरकावं. पासपोर्टच्या फोटोला मान सरळ लागते आणि दादाची डावीकडे कलते. आई खुर्चीमागे उभी राहून दोन बोटांनी हनुवटी धरते, फोटो निघण्याच्या क्षणी हात काढते. अंगठ्याच्या ठशासाठी त्याची आवळलेली मूठ कोमट पाण्याच्या फडक्याने उलगडावी लागते. खिडकीपलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, हे नशीब.

५. आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही करण्यापूर्वी नवऱ्यासोबत बसून वाचा. अर्जदार म्हणून बाबांना ती करावीच लागेल. पेन्शन पुरणार नाही, म्हणून जोडीला माझी. घरातली सगळी डोकी धरून दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. साधारणपणे ४० तिमाह्यांचं काम जमा झालं किंवा नागरिकत्व मिळालं की जबाबदारी संपते. दादा काम करणार नाही. घटस्फोटानेही ही जबाबदारी सुटत नाही. मेडिकेडला, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याला, सहसा पाच वर्षं थांबावं लागतं.

६. अपंगत्व हे एकट्याने नकाराचं कारण नाही. मुख्य प्रश्न असतो, की खर्च कोण करणार. त्याचं उत्तर कागदावर हवं.

७. अर्जदार गेला की पिटिशन रद्द होतं. हे बाबांसमोर बोलायला जीभ उचलत नाही, पण बोलावं. माणुसकीच्या कारणावरून ते पुन्हा उभं करण्याची विनंती करता येते, हमीदार म्हणून बहीण चालते. मात्र मंजुरी अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

८. व्हिसा येईलच असं धरून चालू नका. अठरानंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. आम्ही ते घेतलं. आईनंतर कोण, यावर मामेभावाशी मोकळेपणी बोलणंही झालं.

९. "लग्न लावून द्या, बायको बघेल," हा सल्ला दर दिवाळीला येतो. लग्न झालं की बाबांचा अर्ज त्याच दिवशी संपला, हे मी मावशीला समजावत होते. आईने मध्येच विचारलं, "तुझी मुलगी देतेस?"