लघवीची गोळी

चि. बाळूस,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. तिनं नेहमीप्रमाणे ‘सगळं बरं आहे’ सांगितलं. पण मागून तुझी धाकटी ओरडली, ‘आजी, पप्पांच्या गोळ्यांची पाकिटं कपाटामागे पडलीत, सगळी भरलेली.’ कुठल्या गोळ्या म्हणून विचारलं तर आईनं विषय आंब्यांवर नेला. म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून मोकळा होतोस.

लघवीची गोळी बंद केलीस ना? खरं सांग.

कारण मला ठाऊक आहे. पहाटेची इस्लामपूर–पुणे, गाडी खचाखच, आणि गोळी घेतली की तासाभरात सुरू होतं. कंडक्टरनंच ड्रायव्हरला ‘जरा बाजूला घे’ म्हणायचं, हे तुझ्यानं व्हायचं नाही. अण्णांचा नातू तू, जीव गेला तरी मागणार नाहीस. पण अरे, ही अडचण डॉक्टरांना सांगायची असते! त्या गोळीचा जोर साधारण सहा तास. पहाटेची ड्यूटी असेल त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर घेतली तर चालेल का, एवढंच विचारायचं. हा प्रश्न त्यांना काही नवा नाही. मनानं मात्र वेळ बदलू नकोस.

दुसरं कारणही मला कळतं. गेल्या वर्षी हृदयाचं पंपिंग २५ टक्के होतं, आता एकोत ४० आलं, म्हणून तुला वाटतं आपण बरे झालो. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ६० टक्के म्हणजे उत्तम. तेव्हा २५ ऐकून ‘पाऊण मेलो’ म्हणून रडलास ते चूक, आणि आता उड्या मारतोस तेही चूक. हे ४० त्या गोळ्यांनी आणलंय. आज ही टाकलीस, उद्या बाकीच्या टाकशील. लंडनच्या डॉक्टरांनी मागे पाहिलं होतं, असल्याच दुखण्यातून ज्यांची हृदयं सुधारली होती अशांची औषधं हळूहळू बंद करून. सहा महिन्यांत दहातल्या चौघांचं पुन्हा बिघडलं. त्यांच्यावर डॉक्टरांची नजर तरी होती.

अण्णा तुला आठवत असतील थोडेफार. सगळे दमा म्हणायचे. रात्री आडवं झालं की खोकला, मग उठून उशांना टेकून बसायचे, संध्याकाळी वहाणा पायात शिरायच्या नाहीत. दमा नव्हता तो, बाळू. कळलं तेव्हा त्यांना लॅसिक्स आणि डिजॉक्सिन एवढंच मिळालं. तू घेतोस ती मेटोप्रोलॉल तर या दुखण्यात चुकूनही द्यायची नाही, असं आम्हाला मिरजेला शिकवलं होतं. आता तीच आवर्जून देतात. मला शिकायला मुंबईला के.ई.एम. रुग्णालयात जायचं होतं रे. १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी तिथं हृदय बदलून पाहिलं, देशात पहिल्यांदा. रोगी काही तासच जगला, पण मिरजेला आम्हा मुलींच्या बोलण्यात कितीतरी वर्षं तेच. अण्णा म्हणाले, मिरज पुरे. मी भांडले नाही. अजून वाटतं, भांडले असते, तिकडे शिकले असते, तर त्यांच्या दुखण्याला इतकी वर्षं कुणाला दमा म्हणू दिलं नसतं.

असो. गोळीचं बोलत होते.

रोज सकाळी चहाच्या आधी वजन कर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी फोन कर. पाय सुजायची वाट बघू नकोस. ठेचा, पापड, स्टँडवरचे खारे दाणे बंद. पोट फुगलं की गॅस समजून सोडा पितोस, त्यातही सोडियमच. आणि ते ‘कमी सोडियमचं’ मीठ सुनेनं कौतुकानं आणलंय, त्यात पोटॅशियम असतं. तुझ्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं, तिला सांग. गाडीच्या दणक्यांनी कंबर धरली तर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारून घेऊ नकोस, त्यानं अंगात पाणी साठतं.

आषाढीच्या जादा गाड्यांना नाव देऊ नकोस यंदा. आगारात खरं सांगून बुकिंगच्या खिडकीवरचं काम माग. लोक हे दुखणं दारूनं झालं म्हणतात म्हणून तू लपवतोस, मला कळत नाही का? अँजिओग्राफी साफ निघाली. कधी साध्या तापानंतर होतं, कधी घराण्यातून येतं, कधी कारण सापडतच नाही.

घराण्याचं लिहिताना माझा हात थांबला होता. अण्णांबद्दल डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर सांग, आणि त्यांना विचारून दोन्ही पोरींचा एकदा एको करून घे. घाबरण्यासारखं असेलच असं नाही. पण माहीत असलेलं बरं.

फार बोलले. तू लहानपणी ताप आला की माझ्याच मांडीवर येऊन पडायचास, औषध थुंकायचास आणि मग माझ्याकडे बघून हसायचास. तेव्हाही मला रागावता यायचं नाही, आत्ताही येत नाही. चिडून गोळी टाकली असशील तर असू दे. कंटाळा येतोच, रोज इतक्या गोळ्या, आयुष्यभर. मला बी.पी.ची एक घ्यायची तर जिवावर येतं.

रविवारी सुट्टी असेल तर ये. भाकरी आणि आळणी पिठलं करते, वरून लिंबू पिळू. नाही जमलं तर नुसता फोन कर, रात्री-अपरात्री केलास तरी चालेल. मला हल्ली झोप कुठे लागते.

तुझी
आत्या