तारेचा कॅमेरा की वायफायचा?

चि. मैथिलीस,


तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं बघितली. एक चार वायफाय कॅमेऱ्यांचं, दुसरं केबल टाकून रेकॉर्डर बसवण्याचं. दुसरं महाग आहे, म्हणून तू विचारतेस की मामा, भिंतींना भोकं पाडायला एवढे पैसे कशाला घालायचे? माझं मत आधीच सांगून टाकतो. आक्का-भाऊजींच्या देवगडच्या घराला तारेचेच कॅमेरे घे. बागेला मात्र बिनतारी लागेल. आणि तुझ्या पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटला दाराशी एक वायफाय कॅमेरा पुष्कळ झाला. तिथे घरमालकाच्या भिंतीला हात लावून डिपॉझिट घालवू नकोस.

आता कारणं. वायफाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच. तो भिंतीवर टांगला की त्याच्या शेपटीला अॅडॉप्टर येतो आणि अॅडॉप्टरला प्लग. तुझ्या घराच्या पडवीला बाहेरून किती प्लग आहेत? एक, तोही मोटारीचा. म्हणजे चार कॅमेऱ्यांना चार जागी वीज न्यायची, त्यासाठी भोकं पाडायचीच. एवढं करून चित्र मात्र हवेतून जायचं, तेही दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींमधून. बहुतेक वायफाय कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. साध्या विटेच्या भिंतीतून ती लहर निभावते, जांभ्याच्या जाड, पावसात ओल धरणाऱ्या भिंतीत दमते. माजघरातल्या राउटरपासून मागीलदारापर्यंत तीन भिंती आहेत. दुकानदार काउंटरवर दाखवतो तेव्हा त्या भिंती मध्ये नसतात.

केबलचं तसं नाही. हल्ली एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. बाजारात याला पीओई म्हणतात. त्याचं मानक २००३ सालीच ठरलं, त्यात केबलच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ १३ वॉट मिळतात, आणि घरगुती कॅमेऱ्याला साधारण त्याच्या निम्मे लागतात. म्हणजे कॅमेऱ्यापाशी प्लग नको, अॅडॉप्टर नको. दुकानदार 'थ्री प्लस वन' केबल आणि डीव्हीआर सुचवेल. ती जुनी पद्धत आहे, वाईट नाही, स्वस्तही पडते, पण तिला वीजपुरवठ्याचा वेगळा डबा लागतो आणि आपल्याकडे आधी तोच डबा जातो. नवीनच करायचं तर पीओई स्विच आणि एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरचा रेकॉर्डर, घे.

माझा खरा मुद्दा पावसाळ्यातल्या रात्रीचा आहे. वीज गेली आणि वाऱ्याने कुठे फांदी पडली की इंटरनेटही जातं. त्या वेळी वायफाय कॅमेऱ्यांचं सगळं गणित एकदम कोलमडतं. राउटर बंद, प्लग बंद. मेमरी कार्ड असलं तरी ते कॅमेऱ्यातच असतं, चोराने कॅमेरा उपटला की पुरावाही त्याच्याच पिशवीत. तारेच्या व्यवस्थेत रेकॉर्डर आत माजघराच्या कपाटात राहतो, आणि चार कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर मिळून पन्नासेक वॉट लागतात, जुन्या छताच्या पंख्याहून कमी. भाऊजींच्या इन्व्हर्टरला हा भार जाणवणारही नाही. सिग्नल दाबणाऱ्या यंत्रांच्या बातम्या तू वाचतेस, ती असतात, खोटं नाही. पण आपल्याकडचा चोर एवढा खर्च करत नाही. मीटरपेटी पडवीत उघडी आहे, तो मेन स्विच पाडतो. म्हणून रेकॉर्डर आणि पीओई स्विच इन्व्हर्टरच्या लाइनवर घालून घे, हे वायरमनला तोंडी सांगू नकोस, कागदावर लिहून दे.

तारेची एक दुखरी बाजूही ऐक. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तर तांब्याच्या लांब तारेतून झटका थेट रेकॉर्डरपर्यंत येऊ शकतो. म्हणून केबल माडावरून माडावर ओढायची नाही. वाशांखालून पाइपात न्यायची, अर्थिंग तपासायचं आणि स्विचला सर्ज प्रोटेक्टर लावायचा. पाइप उंदीर-खारींसाठीही हवाच. माळ्यावर उघडी केबल चार महिने टिकत नाही.

केबल घेताना तोंड कापून बघ. आतली तार चाकूने खरवडल्यावरही तांबूसच दिसली पाहिजे. पांढरी चमकली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनिअम आहे, पीओईला ते नको, लांब अंतरावर वीज कमी पडते. बाहेरच्या प्रत्येक जोडणीला डबा हवा आणि केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळतं, आत जात नाही. समुद्र जवळ असल्याने पिना कळकतात, उघडी जोडणी दोन पावसाळेही काढत नाही.

आता बाग. कलमं घरापासून दीडशे मीटरवर. नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे तिथे साधी केबल पोहोचतच नाही. फायबर नेता येईल, पण चर खणायचा खर्च बागेच्या मानाने जास्त. तिथे सिमकार्डाचा, सोलर पॅनेलचा कॅमेरा घे. लोक म्हणतात, कोकणात सोलर आषाढ-श्रावणात झोपतं. झोपू दे! तेव्हा बागेत चोरण्यासारखं काय असतं? हापूस चोरीला जातो तो चैत्र-वैशाखात, आणि तेव्हा ऊन इतकं असतं की पॅनेल दुपारीच बॅटरी भरून मोकळं होतं. पण आधी भाऊजींना फोन घेऊन कलमांखाली उभं कर आणि व्हिडिओ कॉल लाव. तो अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

बॅटरीचा कॅमेरा सतत रेकॉर्ड करत नाही, हे मात्र लक्षात ठेव. तो झोपलेला असतो, अंगाची ऊब हलली की जागा होतो, आणि जागं होण्यात क्षण-दोन क्षण जातात. त्याला वांदरही माणसाइतकेच महत्त्वाचे वाटतात. दिवसभर तुझा फोन वांदरांनीच वाजेल, सूचना रात्रीपुरत्याच चालू ठेव. घराच्या कॅमेऱ्यांना वेगळा त्रास आहे, कोळ्यांचा. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि पांढऱ्याफेक जाळ्यापलीकडचं अंगण दिसेनासं होतं. महिन्याला एकदा केरसुणीने जाळं काढायचं. म्हणून कॅमेरे शिडी लागेल इतके वर लावू नकोस. भाऊजींना या वयात शिडीवर चढवायचं नाही.

हार्ड डिस्क २ टेराबाइटची घे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह २ मेगाबिटचा धरला तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट भरतात. १ टेराबाइट अकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसलं जातं. आक्का-भाऊजी तुझ्याकडे पंधरा दिवस येऊन परतल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं, तर चोरीची रात्र पुसली गेलेली असेल. आणि काही घडलंच तर चित्रण मोबाइलवर फिरवण्याआधी मूळ रेकॉर्डर जपून ठेव. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा चित्रणाच्या प्रतीसोबत कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा खटला आधीच्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्रावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण होतं, आणि २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर नको. मूळ यंत्र आपल्या कपाटात असण्याचा हा आणखी एक फायदा.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. कॅमेरा तारेचा असला तरी इंटरनेटला जोडल्यावर हा धोका सारखाच. आपल्या सरकारनेही आता कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे, तेव्हा बिलावर कंपनी आणि मॉडेल लिहून घे. बिननावाचं स्वस्त खोकं नको.

एक गोष्ट तू पत्रात सहज लिहून गेलीस, ती मला पटली नाही. ओटीवर एक कॅमेरा आत वळवून लावायचा, म्हणजे आई-बाबा काय करतात ते दिसेल. मैथिली, काळजी समजते. पण आक्का दुपारी ओटीवर पदर सोडून आडवी होते, भाऊजी शेजाऱ्याशी घरच्या चार गोष्टी बोलतात, आणि बहुतेक कॅमेऱ्यांना कानही असतात. त्यांना न विचारता हे करायचं नाही. विचारून, त्यांनी हो म्हटलं तरी मी म्हणेन, त्यापेक्षा रोज फोन कर. शेजारच्या वाड्याची विहीर आणि न्हाणीही चित्रात येता कामा नये. लावतानाच शेजारच्या काकूंना बोलावून पडद्यावर दाखव, म्हणजे पुढचे वाद टळतील.

तेव्हा चार कॅमेरे तारेचे: खळ्याकडे, मागीलदारी, गोठ्याच्या बाजूला आणि फाटकाकडे तोंड करून पडवीत. पाचवा बागेत. केबलच्या कोटेशनातला ओटीवरचा कॅमेरा काढून टाक, त्यात केबल तांब्याची आहे असं लिहून घे, आणि वायरमनला शिमग्यानंतरच्या आठवड्यात बोलाव. बागेचा कॅमेरा चैत्राआधी लागला पाहिजे. त्याआधी भाऊजींकडून घराचा कच्चा नकाशा काढून घे, मीटरपेटी, इन्व्हर्टर आणि कपाट दाखवून, आणि मला फोनवर पाठव. केबल किती मीटर लागेल ते मी मोजून सांगतो.

तुझा,
मामा