चेहरा ओळखतो कोण?

काही वर्षांपूर्वी वर्गातील एक हुशार मुलगा बाजारात माझ्या अगदी समोरून निघून गेला. ना नमस्कार, ना ओळख. दुसऱ्या दिवशी मी त्याला सर्वांदेखत बोललो. तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही बोललात की मगच मला कळतं." मला ती सबब वाटली.

१९४७ साली योआखिम बोडामर या जर्मन वैद्याने मेंदूला जखम झालेल्या काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना दिसत होते, वस्तू ओळखता येत होत्या. पण माणसांचे चेहरे ओळखता येत नव्हते. एकाला तर आरशातील स्वतःचेही तोंड ओळखू येईना! हे वैगुण्य काहींना जन्मतःच असते, हे पुढे कळले. त्या मुलाचे तसेच होते की काय, हे मी वैद्य नसल्याने सांगू शकत नाही. पण सबब ठरवण्याची घाई मी केली, हे खरे.

चेहरा दिसताच विशेष चेतणाऱ्या मज्जापेशी चार्ल्स ग्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत, कानशिलाकडील भागात आढळल्या. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर यांनी माणसाच्या मेंदूच्या तळाकडील असाच एक भाग दाखवून दिला.

आता मुख्य प्रश्न. आजीसाठी एक पेशी, शेजाऱ्यासाठी दुसरी, अशी वाटणी असते काय? निदान या भागात तरी तसे दिसत नाही. शिंप्याची वही आठवा. तीत अंगरखा नसतो. छाती, बाही, गळा यांची मापे असतात, आणि तेवढ्यावरून अंगरखा उभा राहतो. येथील प्रत्येक पेशी असेच एखादे माप घेते. मात्र ते नुसत्या नाकाचे वा डोळ्याचे नव्हे, तर आकार, ठेवण, रंगछटा अशा अनेक लक्षणांचे मिळून एक. दोन अगदी निराळ्या चेहऱ्यांत ते माप सारखे भरले, तर ती पेशी दोघांना सारखाच प्रतिसाद देते. ओळख पटते ती सर्व मापे एकत्र आल्यावर. २०१७ साली ले चँग व डोरिस त्साओ यांनी सुमारे २०० पेशींच्या नोंदींवरून, माकडाने पाहिलेला चेहरा जवळजवळ हुबेहूब पुन्हा रेखाटून दाखवला.

ही मापे सुलट्या चेहऱ्याला सरावलेली असतात. वाचकांनी या स्मरणिकेतील कार्यकर्त्यांचे सामूहिक छायाचित्र उलटे धरावे आणि आपल्याच माणसांना शोधून पाहावे.